कलावतीचें उतारवय

हिवर हें अवर्षणाच्या मुलखांतलें झाड. फिकट सालीचें, कांटेरी, आणि पाण्याची फारशी अपेक्षा न ठेवणारें. नगर जिल्ह्याला आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. या जिल्ह्यांत हिवराची आठवण करून देणारीं गांवें जागोजाग भेटतात. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें त्यांतलें एक, आणि संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा हें दुसरें. हिवरे बाजार आज पाणी अडविण्याच्या कामामुळें देशभर माहीत झालेलें आहे. परंतु १९७२ च्या दुष्काळानंतर कित्येक वर्षें तेथील माणसें पोटासाठीं गांव सोडून जात होतीं. त्याच्याही आधींची त्या गांवाची ख्याति कुस्तीची.

अशा कोरडवाहू गांवांच्या वर्षांत गाण्याचा दिवस एकच येई, तो जत्रेचा. देवाची पालखी, कुस्त्यांचा हगामा आणि रात्रीं तमाशा हा क्रम या टापूंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मल्ल म्हातारा झाला कीं तो वस्ताद होतो. लाल मातीच्या कडेला त्याच्यासाठीं घोंगडी अंथरतात, नवी पोरें त्याच्या पायां पडून लंगोट कसतात. रात्रीं गाणारी म्हातारी झाली म्हणजे ती काय होते, हें मात्र जत्रेंत कोणी विचारीत नसे. तिच्या जागीं पुढच्या वर्षीं दुसरी आलेली असे.

हिवरगांव पावसा हें पवळाबाईंचें गांव. महार समाजांतील या स्त्रीचें जन्मवर्ष १८७० मानतात. त्यांच्या आधीं तमाशांत बाईचें काम नाच्या पोर करीत असे. बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचें नांव घेतात. वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, यांनीं ब्राह्मणाच्या घरीं जन्मून फडासाठीं जात सोडली, आणि पवळाबाईंच्या जोडीनें त्यांचा फड सगळ्या महाराष्ट्रांत गाजला. लोक त्यांना ‘नामचंद पवळा’ म्हणत.

त्या ‘नामचंद’ शब्दांतच पुढील दुःखाचें बीज होतें. बापूरावांची कीर्ति कवनाची. कवन कर्त्याबरोबर म्हातारें होत नाहीं. पवळाबाईंची कीर्ति रूपाची, गळ्याची आणि पायांतल्या चाळांची. या तिन्ही गोष्टी वयाच्या स्वाधीन. पुढें दोघांत दुरावा आला. पवळाबाई १९३९ सालीं वारल्या. बापूरावही १९४५ सालीं पुण्यांत विपन्नावस्थेंतच गेले, तेव्हां दैन्य पुरुषाला चुकलें असें नाहीं. परंतु बापूरावांच्या लावण्या मागें राहिल्या, छापल्या गेल्या, इतर फडांनीं गाइल्या. पवळाबाईंच्या मागें राहिल्या त्या रूपाच्या आख्यायिका. त्या कशा गात असत, कोणत्या पट्टींत गात, कोणाकडून शिकल्या, हें सांगणारे लोक थोडे; त्या कशा दिसत हें सांगणारे अनेक, आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं त्यांना पाहिलेलेंही नव्हतें.

या ठिकाणीं बालगंधर्वांचें उदाहरण आठवल्यावांचून राहत नाहीं. नारायणराव राजहंस यांचा जन्म १८८८ चा. साठी उलटल्यावरही ते लुगडें नेसून नायिका म्हणून रंगभूमीवर येत. देह सुटला होता, हालचाल मंदावली होती. तरी प्रेक्षक डोळे मिटून घेत आणि जुन्या आवाजाची खूण पटली कीं माना डोलवीत. पुरुषानें घेतलेलें स्त्रीचें रूप म्हातारें झालें तेव्हां महाराष्ट्रानें तें प्रेमानें सांभाळून घेतलें. खऱ्या स्त्रीचें रूप म्हातारें झालें तेव्हां एवढी क्षमा क्वचितच दाखविली गेली. ही तुलना बालगंधर्वांना उणेपणा आणण्यासाठीं नव्हे. क्षमा करण्याची शक्ति प्रेक्षकांत होती, एवढेंच तिच्यावरून दिसतें.

वयाचा परिणाम गळ्यावर होतो हें खरेंच आहे. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीच्या स्वररज्जूंत फरक पडतो, ते जाडसर होतात, आवाज खालीं उतरतो आणि तारसप्तकांतले स्वर पूर्वींसारखे सहज लागत नाहींत. बरगड्या ताठ होतात, दमसास तोकडा पडतो. परंतु खालीं उतरलेला आवाज म्हणजे संपलेला आवाज नव्हे. हनगलच्या गंगूबाईंचा (१९१३–२००९) आवाज तर ऐन उमेदींत घशाच्या दुखण्यानें बदलला आणि कोमल होता तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. त्या आवाजावरच त्यांनीं अर्धें शतक गाजविलें. किशोरी आमोणकरांचा आवाज तर तरुणपणींच कांहीं काळ अजीबात गेला होता. तो परत आला तेव्हां त्यांच्या गाण्याला वेगळें वळण लागलेलें होतें. तेव्हां प्रश्न नुसत्या गळ्याचा नाहीं. गाणारीकडून ऐकणाऱ्यांना काय हवें असतें, त्याचा आहे.

बैठकीच्या गाण्यांत हा प्रश्न विसाव्या शतकांत एका रीतीनें सुटला. त्याचें बरेंचसें श्रेय हिराबाई बडोदेकरांकडे जातें. त्या अब्दुल करीमखां आणि ताराबाई माने यांच्या कन्या. जन्म १९०५ चा, मिरजेचा. स्त्रीनें तिकीट लावून जाहीर मैफल करावी ही कल्पना ज्या काळांत चमत्कारिक वाटे त्या काळांत त्यांनीं ती रूढ केली. पदर नीट घेतलेला, हातवारे नाहींत, डोळ्यांचे खेळ नाहींत, समोर तंबोरे. मैफलींत शिरणारा गृहस्थ आपल्या बायकोला आणि मुलीला बरोबर आणूं शके. पुढें नाटक मंडळीच्या पायीं झालेलें कर्जही त्यांनीं या गाण्याच्याच बळावर फेडलें. ही प्रतिमा त्यांनीं बुद्ध्या घडविली असें म्हणणें अन्यायाचें होईल, कारण तो त्यांचा स्वभावच होता. परंतु तिचा एक परिणाम दूरवर गेला. ज्या गाण्यांत देह पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलेला आहे, त्या गाण्यांत तो म्हातारा झाला तरी हिशेब बिघडत नाहीं. हिराबाईंना १९७० सालीं पद्मभूषण मिळालें; १९८९ सालीं त्या गेल्या तेव्हां महाराष्ट्रानें घरचें वडीलधारें माणूस गेल्यासारखा शोक केला.

गोमंतकांतील कुर्डीच्या मोगूबाईंनीं (१९०४–२००१) दुसरी वाट दाखविली. त्यांनीं शिकविलें. स्वतःच्या कन्येला, म्हणजे किशोरीबाईंना, आणि इतर अनेक शिष्यांना घडवितां घडवितां त्या ‘माई’ झाल्या. हिवरे बाजारच्या तालमींतल्या वस्तादाची घोंगडी ती हीच. घराण्याच्या गाण्यांत वय वाढलें कीं विद्येची किंमत वाढते, कारण ठेवणीतल्या बंदिशी आणि अनवट राग म्हाताऱ्या माणसाच्याच पेटींत असतात.

केरीच्या केसरबाई केरकरांची (१८९२–१९७७) गोष्ट आणखी निराळी. १९२१ पासून अल्लादियाखांसाहेब असेतोंपर्यंत त्यांनीं त्यांच्याकडे तालीम घेतली. गाणें थांबविण्याचा क्षण त्यांनीं स्वतः निवडला. १९६३-६४ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, आवाज पूर्वींच्या तोलाचा राहिला नाहीं असें जाणवतांच त्यांनीं जाहीर मैफली बंद केल्या. आर्जवें झालीं असतील. त्या बधल्या नाहींत. हा करारीपणा थोर खराच. मात्र घरभाडें आणि औषधपाणी यांची चिंता ज्याला नाहीं त्यालाच असा करारीपणा परवडतो. पाश्चात्य देशांतही हें सुख सर्वांना लाभलें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या नेली मेल्बा या प्रख्यात गायिकेनें इतक्या वेळां निरोपाच्या मैफली केल्या कीं त्या देशांत तिचे निरोप ही एक म्हण होऊन बसली. लोक हंसले. परंतु निरोप घेऊन परत येणाऱ्या बाईला दुसरें कांहीं करतां येण्यासारखें जगानें शिकविलें होतें काय, हेंही विचारावयास हवें होतें.

मध्यंतरीं नभोवाणी आली. मुंबईचें केंद्र १९२७ सालीं सुरू झालें, आणि गाणारीचा चेहरा प्रथमच ऐकणाऱ्याच्या नजरेआड गेला. वयाला आणि रूपाला पडदा मिळाला. पुण्याच्या सुंदराबाई जाधव (१८८५–१९५५) पन्नाशीच्या घरांत आल्या तरी ध्वनिमुद्रिकांतून आणि आकाशवाणीवरून घरोघर गात राहिल्या. १९३९ च्या ‘माणूस’ या प्रभातच्या चित्रपटांत लोकांनीं त्यांना पाहिलें तें आईच्या भूमिकेंत. आवाज मात्र वयानें बांधलेला नव्हता. परंतु देह पडद्याआड गेला तेव्हां नीति पुढें आली. १९४६ सालीं अंतरिम सरकारांत नभोवाणी खातें सरदार पटेलांकडे आल्यावर, ज्यांचें खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झालेलें आहे अशा स्त्रियांना ध्वनिक्षेपकासमोर बसवूं नये असा आदेश निघाला. नांवामागची ‘बाई’ किंवा ‘जान’ जाऊन तेथें ‘देवी’ किंवा ‘बेगम’ आली. अख्तरीबाई फैझाबादी १९४५ सालीं विवाह करून गाणें सोडून बसल्या होत्या. त्या आजारी पडल्या, आणि गाण्यावांचून त्या बऱ्या होणार नाहींत असें वैद्यांनाही दिसून आलें. मग १९४९ सालीं लखनौ केंद्रावरून त्या परत गायिल्या, त्या बेगम अख्तर म्हणून. ज्या वयस्क स्त्रियांपाशीं असें नवें नांव नव्हतें, त्यांच्यासाठीं रेडिओचा दरवाजाही बंद झाला. उतारवयांत चालूं शकणारें तें एकच काम होतें, हें आदेश काढणाऱ्यांच्या लक्षांत आलें नसावें.

चित्रपटानें गळा आणि देह यांची फारकत पुरतीच केली. १९५१ च्या ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटांत हंसा वाडकरांसाठीं सुलोचना चव्हाणांनीं पहिली लावणी गाइली. पडद्यावर नाचणारी एक, ध्वनिक्षेपकासमोर खांद्यावरून पदर घेऊन उभी राहणारी दुसरी. आचार्य अत्र्यांनीं त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलें. लावणीसारखा प्रकार गाऊनही त्यांच्या कुलीनपणाला कोणी बोट लावलें नाहीं, आणि वय त्यांच्या आड आलें नाहीं. १९३३ सालीं जन्मलेल्या सुलोचनाबाईंना २०२२ सालीं पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या निवर्तल्या. आशा भोसले यांनीं साठी ओलांडल्यावर १९९५ च्या ‘रंगीला’ चित्रपटांत विशींतल्या नायिकेला आवाज दिला तो याच व्यवस्थेमुळें. लता मंगेशकरांची पांढरी साडीही याच कथेचा भाग आहे. तिच्यामुळें लोकांच्या मनांत त्यांचें वय कुठल्याच सालीं येऊन थांबलें नाहीं.

आतां पुन्हां बोर्डाकडे. तेथें ही फारकत नाहीं. फडांत तीच गाते, तीच नाचते, गौळणींत ती राधा असते आणि वगांत राणी. ध्वनिवर्धक नसत त्या काळीं ढोलकी, हलगी आणि कडें यांच्या वर चढून शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोंचवावा लागे. म्हणून पट्टी उंच, आणि रात्रभर तीच. दसऱ्याला फड निघाले कीं वैशाखी पौर्णिमेपर्यंत गांवोगांव धूळ खात हिंडणें. थंडींत कनातीच्या आडोशाला झोंप, जेवणाला वेळ नाहीं, पायांत चाळ बांधून घोटे आणि गुडघे झिजलेले. हंगामाच्या आरंभीं मालकाकडून घेतलेली उचल हंगामाच्या शेवटीं फिटली तर फिटली. नारायणगांवीं फडांच्या राहुट्या पडतात आणि चैत्र-वैशाखांतल्या जत्रांसाठीं गांवोगांवचे पंच तेथें सुपारी द्यायला येतात. सुपारी फडाच्या नांवावर ठरते, आणि फडाचें नांव बोर्डावरच्या बाईवर ठरतें. पंचांनीं विचारलेला प्रश्न ‘बाई कशी गाते’ असा क्वचितच असे. शिवाय सारा पैसा गांवच्या वर्गणीचा. पाऊस गेला कीं वर्गणी गेली, आणि वर्गणी गेली कीं ज्या बाईला घरीं परतावयाला शेत नाहीं तिचें वर्ष गेलें. हिवरे बाजारसारखीं गांवें १९७२ च्या दुष्काळांत ओस पडूं लागलीं तेव्हां त्या ओसाडीची झळ या राहुट्यांपर्यंत पोंचली.

नारायणगांवच्याच विठाबाई भाऊ मांग यांचें जीवन सर्वांना ठाऊक आहे. १९३५ सालीं पंढरपुरास त्यांचा जन्म झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड. त्यांच्याविषयींची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगतात. दिवस भरलेले असतां त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आंत गेल्या, कनातीमागें प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां बोर्डावर आल्या. ही गोष्ट शौर्य म्हणून सांगण्याची रीत पडली आहे. ती शौर्याची आहेच. परंतु प्रसूतीच्या रात्रींही जिला रजा नाहीं, तिच्या म्हातारपणाची काय व्यवस्था असणार, हें त्या गोष्टींतच लिहिलेलें आहे. १९५७ आणि १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. १९६२ च्या युद्धांत जवानांपुढें त्या नाचल्या. अखेरचीं वर्षें मात्र हलाखींत गेलीं. दवाखान्याचें बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावें लागलें. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या. २००६ सालीं सरकारनें त्यांच्या नांवानें तमाशा कलावंतांसाठीं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

तो पुरस्कार आरंभींच ज्यांना मिळाला त्या कांताबाई सातारकर संगमनेरच्या, म्हणजे पवळाबाईंच्याच तालुक्यांतल्या रहिवासी होत. त्यांची कथा थोडी आशेची आहे. तुकाराम खेडकरांच्या फडांत त्यांनीं नांव मिळविलें. खेडकर वारल्यावर मुलें पदरीं घेऊन त्यांच्यावर निराधार होण्याची पाळी आली, तेव्हां दुसऱ्याच्या बोर्डावर उचल घेऊन जाण्याऐवजीं त्यांनीं कालांतरानें स्वतःचा फड उभा केला. वगांत त्या पुरुषभूमिका करीत. त्यांचे शिवाजी महाराज लोकांना फार आवडत. नाचणारीचें वय संपतें, राजाचें वाढत जातें. पुढें मुलगा रघुवीर खेडकर फडाचा सूत्रधार झाला, आणि कांताबाई मालकीण व आई या नात्यानें फडांत राहिल्या. कनात, ट्रक आणि नांव हीं तिन्ही स्वतःचीं असल्यामुळें त्यांना म्हातारें होण्याची सवड मिळाली. अशा स्त्रिया तमाशांत बोटांवर मोजण्याइतक्याच.

यमुनाबाई वाईकरांना (१९१५–२०१८) तीच सवड निराळ्या मार्गानें लाभली. वाईच्या बाजूच्या कोल्हाटी समाजांतल्या या गायिकेनें फडाला वाईट दिवस आल्यावर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्यांच्यापाशीं बैठकीची लावणी होती: एका जागीं बसून, एकच ओळ दहा प्रकारांनीं अदा करून दाखविण्याची जुनी विद्या. उभी लावणी पायांची. बसलेली लावणी चेहऱ्याची, बोटांची आणि अर्थाच्या जाणकारीची. तिला सुरकुत्यांचा अडथळा होत नाहीं, उलट त्या तिला शोभतात. जाणकारांचें लक्ष गेलें, दिल्लीपर्यंत बैठकी झाल्या, आणि २०१२ सालीं, शंभरीला तीन वर्षें उरलीं असतां, पद्मश्री मिळाली. लावणी तीच, गाणारी तीच. ती बसून गाऊं लागली एवढ्यानें तिच्या वयाचा अर्थ पालटला. खेदाची गोष्ट अशी कीं, ही बसण्याची विद्या फडांतल्या मुलींना शिकविण्याची सोय कोणी फारशी केली नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. १९४७-४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनें तमाशावर बंदी घातली, आणि नंतर सुधारणेच्या अटी घालून ती उठविली. त्या धामधुमींत वयस्क बायांच्या पोटाचा विचार कोठें दिसत नाहीं. परंतु १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मासिक मानधन देण्याची योजना सुरू झाली. तींत पुढें राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणी होत्या, आणि त्यांना दरमहा अनुक्रमें ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. फडांतल्या बहुतेक बायका अर्थातच स्थानिक श्रेणींत. २०२४ सालीं श्रेणी काढून सर्वांना सरसकट ५,००० रुपये ठरले. पन्नाशी उलटलेल्या कलावंताला अर्ज करतां येतो, आणि अर्जाबरोबर कलेचे पुरावे जोडावे लागतात.

अडचण येते ती त्या पुराव्यांची. गवयाच्या घरीं कार्यक्रमपत्रिका असतात, मानपत्रें असतात, वर्तमानपत्रांतलीं कात्रणें असतात. फडाच्या हस्तपत्रकावर मालकाचें नांव मोठ्या टाइपांत आणि खालीं ‘व सहकारी’. तीस-तीस वर्षें नाचलेल्या बाईचें नांव त्यावर असलें तर नुसतें पाळण्यांतलें, आडनांवाशिवाय. आणि शिधापत्रिकेवरचें नांव निराळें.

२०२० च्या चैत्रांत टाळेबंदीमुळें नारायणगांवच्या राहुट्या उठल्या, आणि २०२१ च्या चैत्रांतही जत्रा भरल्या नाहींत. त्या दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यांत, पंचवीस तारखेस, कांताबाई सातारकर करोनानें संगमनेर येथें वारल्या. त्या वेळीं त्यांचें वय ब्याऐंशी होतें, आणि त्यांच्या फडाचे ट्रक जागच्या जागीं उभे होते.